निळ्या वेष्टनावरचा अंगठा : जलपायगुडी खून प्रकरण, १८९७

ऑगस्ट १८९७. बंगालच्या उत्तर टोकाला, भूतानच्या सरहद्दीलगतच्या जलपायगुडी जिल्ह्यात काठालगुडी चहामळ्याचे व्यवस्थापक हृदयनाथ घोष आपल्या बिछान्यात मेलेले आढळले. गळा चिरलेला होता. कागदपत्रांची पेटी उपसलेली, तिजोरी लुटलेली आणि काही शे रुपये गायब. खून होताना पाहणारं कुणीही नव्हतं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला खुनाचा तपास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लंडनच उभं राहतं. पण गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशावरून एखाद्याला दोषी ठरवायची वेळ लंडनच्या न्यायालयावर आली ती १९०२ साली, आणि तीही घरफोडीच्या खटल्यात. बंगालमध्ये ती वेळ चार वर्षं आधीच येऊन गेली होती. बोटांच्या ठशांचं शास्त्र तेव्हा कोलकात्यात नुकतंच सरकारी कामाला लागलं होतं, आणि घोष यांचा खून ही त्याची पहिली मोठी कसोटी ठरली.

‘ठशावरून पकडला गेलेला भारतातला पहिला खुनी’ अशा एका ओळीत हे प्रकरण अनेकदा उरकलं जातं. ती ओळ चुकीची आहे. ठसा ज्याचा निघाला त्या कांगाली चरणला न्यायालयाने खुनासाठी दोषी धरलं नाही. शिक्षा झाली ती चोरीबद्दल. हा निकाल वाचून बऱ्याच जणांची निराशा होते, गुन्हेगार थोडक्यात सुटला असं वाटतं. मला मात्र या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट तो निकालच वाटतो, आणि तो का, हे कळायला तपास पायरी पायरीने पाहावा लागतो.

संशय कुणाकुणावर

प्रकरणाची हकिकत एडवर्ड हेन्री यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ते १८९१ पासून बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते. त्यांच्या वृत्तान्तावरून दिसतं की सुरुवातीला पोलिसांपुढे संशयितांची कमतरता नव्हती, उलट गर्दीच होती.

घोष मजुरांकडून कडक काम करून घेत, अशी त्यांची ख्याती होती. तेव्हा एखाद्या मजुराने डाव साधला असेल, ही पहिली शक्यता. त्यांचे एका बाईशी संबंध होते, तिच्या नातेवाइकांवर दुसरा संशय. आसपास नुकताच काबुली लोकांच्या एका भटक्या टोळीने तळ दिला होता, आणि त्या टोळीचं नाव चांगलं नव्हतं. घरचा स्वयंपाकी तर आयताच हाती लागलेला, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. शेवटचं नाव एका जुन्या नोकराचं. घोष यांनी त्याला चोरीच्या आरोपाखाली तुरुंगात धाडलं होतं आणि तो काही आठवड्यांपूर्वी सुटला होता. पण सुटल्यानंतर त्याला जिल्ह्यात पाहिल्याचं कुणीही सांगेना.

त्या काळच्या रीतीने तपास झाला असता तर काय झालं असतं याचा अंदाज करणं अवघड नाही. स्वयंपाकी घरातला, गरीब, कपड्यांवर रक्त. जुना नोकर मात्र कुणाला दिसलेलाच नाही. कबुलीजबाब मिळवण्याकडे पोलिसांचा ओढा असलेल्या त्या काळात स्वयंपाक्याचं काही खरं नव्हतं. मजूर, बाईचे नातेवाईक आणि काबुली यांच्याविरुद्ध काहीच हाती लागलं नाही, तेव्हा चौकशी त्याच्याभोवती आणखी घट्ट झाली असणार.

कबुतराचं रक्त

स्वयंपाक्याचं म्हणणं एकच होतं: मालकांच्या रात्रीच्या जेवणासाठी कबुतर मारलं, त्याचं रक्त अंगावर उडालं. असली सबब कुणीही देईल. पण कपडे रासायनिक पृथक्करणासाठी गेले आणि अहवाल आला तो स्वयंपाक्याच्या बाजूने.

हे कसं शक्य झालं, ते थोडं जवळून पाहायला हवं. सस्तन प्राण्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, मध्ये दबलेल्या बशीसारख्या, आणि त्यांच्यात केंद्रक नसतं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लांबट अंडाकृती असतात आणि प्रत्येकीच्या मध्यभागी केंद्रक ठळक दिसतं. वाळलेला डाग योग्य द्रवात हलकेच भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कबुतर आणि माणूस यांच्यातला फरक डोळ्यांना दिसतो. उंटासारख्या मोजक्या सस्तन प्राण्यांच्या पेशी अंडाकृती असतात, पण त्यांनाही केंद्रक नसतंच.

या परीक्षेला एक मोठी मर्यादा होती. सस्तन प्राण्याचं रक्त आहे एवढं सांगता येई. ते माणसाचं, बकरीचं की गाईचं, हे खात्रीने सांगायची सोय जगात कुठेच नव्हती. माणसाचं रक्त निश्चित ओळखणारी रक्तजलाची चाचणी जर्मनीत पाउल उलेनहूट यांनी शोधली ती १९०१ साली. १८९७ चा परीक्षक ‘हे पक्ष्याचं आहे’ असं म्हणू शकत होता, ‘हे घोष यांचं आहे’ असं कधीच म्हणू शकत नव्हता. हा मुद्दा खटल्यात पुन्हा आडवा येतो.

अशा परीक्षा करणाऱ्या सरकारी रासायनिक प्रयोगशाळा भारतात तेव्हा बऱ्याच जुन्या झाल्या होत्या. मद्रासेत १८४९ पासून, कोलकात्यात १८५३ पासून, तर मुंबईत १८७० पासून हे काम चालू होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून विषप्रयोगाचे आणि रक्ताच्या डागांचे मुद्देमाल तिथे मोहरबंद होऊन येत. जलपायगुडीच्या स्वयंपाक्याचा जीव अशाच एका पाकिटाने वाचवला. या प्रकरणात विज्ञानाने केलेलं पहिलं काम एका निर्दोष माणसाला सोडवण्याचं होतं. ठशाच्या झगमगाटात ते मागे पडतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

निळं वेष्टन

पेटीतल्या कागदांत बंगाली लिपीत छापलेलं, पुस्तिकेच्या आकाराचं एक कॅलेंडर होतं. वेष्टन फिकट निळ्या कागदाचं. त्या निळ्यावर तपकिरी रंगाचे दोन पुसट डाग कुणाच्या तरी नजरेला आले. भिंगाखाली धरल्यावर त्यांतल्या एकात रेषा दिसल्या. उजव्या हाताच्या एका बोटाचा अर्धामुर्धा उमटलेला ठसा होता तो.

ही नजर कुणाची, याचं मला फार कौतुक वाटतं. पाच वर्षांपूर्वी हेच कॅलेंडर इतर कागदांबरोबर गठ्ठ्यात बांधलं गेलं असतं. तपकिरी डाग रक्ताचा आहे, एवढं कुणीही म्हणालं असतं. पण डागाच्या आत रेषा आहेत, त्या रेषा एका माणसाच्या आहेत आणि त्या माणसाचा कागद कदाचित कोलकात्यात जपून ठेवलेला आहे, एवढी साखळी मनात तयार असल्याशिवाय त्या वेष्टनावर भिंग धरायचं सुचत नाही.

ती साखळी बंगालमध्ये चाळीस वर्षं घडत आली होती. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कराराच्या पाठीवर घेतला. हेतू एवढाच की पुढे त्याने सही नाकारू नये. १८७७ साली हुगळीला असताना हर्शेलनी पेन्शनवाले, दस्तनोंदणी आणि तुरुंगातले कैदी यांच्याकडून ठसे घेण्याची पद्धत चालू केली. डावा अंगठा शाईत बुडवून दस्तावर टेकवण्याची आपल्याकडच्या कचेऱ्यांची रीत याच जातीची. १८८० साली हेन्री फोल्ड्स या डॉक्टरांनी गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल असं ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं, आणि १८९२ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी ठसे आयुष्यभर बदलत नाहीत हे नीट दाखवून दिलं.

एक हजार चोवीस खण

ठसे घेणं सोपं होतं. पत्र्यावर छापखान्याची शाई रोलरने पातळ पसरायची, बोट त्यावर आणि मग कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं. खरी अडचण शोधण्याची होती. हजारो कागद साठले आणि पकडलेला माणूस खोटं नाव सांगू लागला, तर त्याचा जुना कागद काढायचा कसा? फ्रेंच पोलिसांतले बर्टिलाँ यांच्या पद्धतीने डोकं, हात, पाऊल मोजण्याचा खटाटोप बंगालमध्ये काही वर्षं चालला, पण एकाच माणसाची दोन शिपायांनी घेतलेली मापं जुळत नसत.

हेन्री यांच्या कचेरीत यावर जो तोडगा निघाला त्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन तरुण पोलीस अधिकाऱ्यांची बुद्धी होती. हक गणिताचे. पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून गाजली, आणि हक यांचा वाटा आपल्या हाताखालच्या सर्वांत मोठा होता हे हेन्री यांनी स्वच्छ लेखी कबूल केलं ते १९२६ साली. फार उशिरा, असंच म्हणावं लागतं.

गणित आपल्या ओळखीच्या चिन्हांवर उभं आहे. आपल्याकडे लहान मुलं बोटांवरची चक्रं आणि शंख मोजतात, तेच इथे मोजायचे. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या: उजवा अंगठा आणि तर्जनी ही पहिली, उजवी मधली आणि अनामिका दुसरी, याप्रमाणे डाव्या करंगळीपर्यंत. पहिल्या जोडीतल्या चक्राला १६ गुण, दुसरीतल्याला ८, मग ४, २ आणि १. शंख किंवा कमान असेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या बोटांच्या गुणांची बेरीज अंशस्थानी, पहिल्या बोटांची छेदस्थानी, आणि दोन्हींत एकेक मिळवायचा. एकही चक्र नसलेला माणूस १/१ मध्ये पडतो, दहाही चक्रं असलेला ३२/३२ मध्ये, आणि फक्त उजव्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर चक्र असलेला १७/१७ मध्ये. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे कागद ठेवायच्या कपाटाचे १०२४ खण. माणसाने नाव काहीही सांगो, त्याची बोटं त्याला त्याच्या खणापाशी नेतात.

सर्वेक्षण खात्याचे चार्ल्स स्ट्राहन आणि रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर यांच्या समितीने मार्च १८९७ मध्ये या पद्धतीच्या बाजूने कौल दिला, जूनमध्ये हिंदुस्थान सरकारने ती मान्य केली, आणि दोन महिन्यांत काठालगुडीचा खून झाला.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. १०२४ खणांची ही सगळी व्यवस्था दहाही बोटं हाती असतील तरच चालते. एकट्या अंगठ्याच्या ठशावरून खण निघत नाही, कारण बाकीच्या नऊ बोटांवर काय आहे ते ठाऊक नसतं. एकेकट्या ठशावरून शोध घेण्याची वेगळी नोंदवही लंडनमध्ये बॅटली यांनी तयार केली ती १९३० च्या सुमारास. तेव्हा निळ्या वेष्टनावरचा अंगठा कपाटात टाकला आणि नाव बाहेर आलं, असं चित्र रंगवणं बरोबर नाही. जुन्या नोकराचं नाव साध्या चौकशीतून आधीच पुढे आलं होतं. चोरीबद्दल शिक्षा झालेली असल्यामुळे त्याचा ठशांचा कागद पोलिसांच्या मध्यवर्ती कचेरीत होता. तो काढून कॅलेंडरशेजारी ठेवण्यासारखा होता. चौकशीने नाव दिलं, कपाटाने कागद दिला आणि भिंगाने दोन्ही जोडले. तिन्हींपैकी एकही नसतं तर ठसा मुका राहिला असता.

ठसा त्या जुन्या नोकराच्या, म्हणजे कांगाली चरणच्या, उजव्या अंगठ्याशी तंतोतंत जुळला. त्याला बीरभूम जिल्ह्यात, घटनास्थळापासून शेकडो मैलांवर पकडलं आणि कोलकात्याला आणलं. तिथे त्याच्या अंगठ्याचा ठसा पुन्हा घेतला गेला. ही काळजी महत्त्वाची होती, कारण जुना कागद दुसऱ्याच कुणाचा आहे असा बचाव नाहीतर सहज करता आला असता. तोवर सरकारी रासायनिक परीक्षकाचा दाखला आला: कॅलेंडरवरचे डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत.

खून की चोरी

१८९८ साली खटला न्यायाधीश आणि असेसर यांच्यासमोर उभा राहिला. असेसर म्हणजे न्यायाधीशाच्या मदतीला बसवलेले स्थानिक लोक. त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. आरोप दोन: खून आणि चोरी.

सरकार पक्षाचा तर्क असा होता की तिजोरीची किल्ली शोधताना मारेकऱ्याचा किंवा त्याच्या साथीदाराचा रक्ताळलेला अंगठा कॅलेंडरला लागला. ‘किंवा त्याच्या साथीदाराचा’ हे शब्द हेन्री यांच्या वृत्तान्तातच आहेत, आणि निकाल त्यांच्यावरच फिरला.

ठसा काय सिद्ध करतो हे तोलून पाहू. साधा घामाचा ठसा असता तर बचाव सोपा होता. आरोपी त्या घरात नोकर होता, मालकाच्या वस्तूंना त्याचा हात कधी ना कधी लागलेला असणारच. रक्तातल्या ठशाने ती वाट बंद केली. रक्त ताजं असताना अंगठा तिथे होता, म्हणजे गळा चिरल्यानंतर आणि रक्त वाळण्याआधी हा माणूस पेटीत हात घालत होता. सुटल्यापासून जिल्ह्यात न दिसलेल्या माणसाचा त्या खोलीतला वावर एका बोटाने वेळेसकट नोंदवला. पेटी उपसणारा तोच, तेव्हा पैसे नेणारा तोच, हा निष्कर्ष भक्कम आहे. त्याला हलवायचं तर रक्त घोष यांचं नव्हतंच असं दाखवावं लागेल. परीक्षकाचा दाखला ‘सस्तन प्राणी’ एवढाच असल्यामुळे कागदोपत्री ती फट उरते. पण गळा चिरलेल्या माणसाच्या पेटीत बकरीचं रक्त कुठून यावं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

सुरी कुणाच्या हातात होती, यावर मात्र ठसा एक अक्षर बोलत नाही. दोघे आले असतील. एकाने वार केला असेल, दुसऱ्याने पेटी उघडली असेल. रक्त जमिनीवर, पांघरुणावर, साथीदाराच्या हातावर, कुठूनही अंगठ्याला लागू शकतं. असेसरांनी नेमकं हेच पाहिलं. खून होताना कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा खुनासाठी दोषी धरणं धोक्याचं आहे, असं मत त्यांनी दिलं. चोरीचा आरोप मात्र पूर्ण सिद्ध झाला आहे, असंही नोंदवलं. त्याप्रमाणे चोरीबद्दल शिक्षा झाली आणि अपिलात वरिष्ठ न्यायाधीशांनी ती कायम केली.

प्रत्यक्षदर्शी नाही म्हणून खून सिद्ध नाही, हा नियम म्हणून मांडला तर चूक आहे. तसं असतं तर परिस्थितिजन्य पुराव्यावर कधीच कुणाला शिक्षा झाली नसती. एकट्याचंच काम होतं असं दाखवणारा पुरावा असता, सुरी सापडली असती, रक्ताचे कपडे सापडले असते, तर साक्षीदाराविनाही साखळी पुरी झाली असती. पण न्यायालयापुढे आलेल्या पुराव्यावर असेसरांचं मत बरोबर होतं, असंच मला वाटतं. नवं शास्त्र पहिल्यांदाच दारात आलेलं, पोलिसांचा प्रमुख स्वतः त्याचा पुरस्कर्ता, आरोपी आधीच शिक्षा भोगलेला आणि मालकावर राग असलेला. फाशी द्यायला मन तयार होईल अशीच सगळी परिस्थिती होती. अशा वेळी त्या माणसांनी ठशाकडून तो जेवढं सांगतो तेवढंच घेतलं. सरहद्दीवरच्या जिल्ह्यातल्या ज्या असेसरांना शंख-चक्रांचं गणित बहुधा पहिल्यांदाच समजावून सांगितलं गेलं असेल, त्यांनी हा विवेक दाखवला.

अर्जेंटिनातल्या नेकोचेआ गावी १८९२ साली फ्रान्सिस्का रोहास या बाईने आपल्या दोन मुलांचा खून केला होता आणि दारावरच्या रक्ताळलेल्या ठशामुळे ती उघडी पडली होती. पण ठसा दाखवल्यावर तिने गुन्हा कबूल केला, त्यामुळे ठशाच्या बळाची परीक्षा न्यायालयात व्हायची राहिली. कांगाली चरणच्या खटल्यात ती परीक्षा झाली.

पुढे

१८९९ साली भारतीय पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ४५ मधल्या तज्ज्ञांच्या मतात बोटांच्या ठशांचा समावेश झाला. हीच तरतूद आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे, आणि महाराष्ट्रात ठसेतज्ज्ञ न्यायालयात उभा राहतो तो याच आधारावर. हेन्री १९०१ साली स्कॉटलंड यार्डात गेले आणि कोलकात्याची पद्धत त्यांनी तिथे सुरू केली.

मार्च १९०५ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात टॉमस फॅरो या रंगाच्या दुकानातल्या वृद्ध कर्मचाऱ्याचा खून झाला, पत्नी अॅन काही दिवसांनी दगावली. पैशांच्या पेटीवर उजव्या अंगठ्याचा ठसा होता. तो आल्फ्रेड स्ट्रॅटनचा निघाला. न्यायमूर्ती चॅनेल यांनी ज्यूरीला बजावलं की एकट्या ठशावर विसंबून निर्णय देऊ नका. तिथे मात्र ठसा एकटा नव्हता. त्या सकाळी दोन माणसांना दुकानातून निघताना लोकांनी पाहिलं होतं, आल्फ्रेडला पळताना ओळखणारी साक्षीदार होती, आणि खुनानंतर त्याने कोट नाहीसा केल्याचं त्याच्याबरोबर राहणाऱ्या बाईने सांगितलं. आल्फ्रेड आणि त्याचा भाऊ आल्बर्ट दोघांनाही २३ मे १९०५ रोजी फाशी झाली. जलपायगुडीच्या असेसरांना जी जोड हवी होती ती डेप्टफर्डच्या पोलिसांनी रस्त्यावर फिरून, माणसांना प्रश्न विचारून मिळवली होती.